बारशाआधी २४ हजार टाके

बाळंतविड्यात लोकरीच्या तीन वस्तू द्यायच्या ठरल्या: पुढून उघडा स्वेटर, टोपडं आणि पायमोजे. तिघांचे मिळून साधारण २४,१०० टाके होतात. सुया हातात घेण्याआधी हा आकडा कागदावर काढला, कारण "स्वेटर होईल चार दिवसांत" हे वाक्य दर वेळी खोटं ठरतं आणि बारशाच्या आदल्या रात्री दोन वाजता बटणपट्टी विणत बसावं लागतं.

बाळ येण्याआधी घरात नवं काही आणायचं नाही, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. आमच्याकडेही आहे. म्हणजे बातमी आली की लोकर आणायची आणि बाराव्या दिवशी वस्तू ताटात ठेवायची. त्यातले पहिले पाच दिवस मुंबईत, पाचव्या दिवशी संध्याकाळी नाशिकची गाडी, सहावा ते अकरावा दिवस मामाच्या घरी. पाहुण्यांच्या घरात विणायचं, म्हणजे वेळ आपला नसतो.

आधी माप. तान्ह्या बाळाची छाती ३२-३४ सें.मी. असते, पण त्या मापाचा स्वेटर तीन आठवड्यांत आखूड होतो. तयार घेर ४६ सें.मी. धरला. लोकर साधी बेबी वूल, ॲक्रिलिकची; वर्धमान किंवा ओसवालची सहज मिळते. अंगाला १० नंबरची सुई (३.२५ मि.मी.), बॉर्डरला १२ नंबरची (२.७५ मि.मी.). या लोकरीवर १० नंबरने साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) १० सें.मी. रुंदीत २८ टाके आणि १० सें.मी. उंचीत ३६ ओळी येतात. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांचे ३० येतील. मग सुई ९ नंबरची घ्यावी, टाके बदलू नयेत. नमुन्याचा चौकोन विणायला अर्धा तास जातो आणि घाईत तोच पहिल्यांदा गाळला जातो. पण १० सें.मी.मध्ये दोन टाके जास्त आले तर ४६ सें.मी.चा घेर ४३ होतो, आणि हे कळतं ते सगळं विणून झाल्यावर.

मुंढे, बाह्या वेगवेगळ्या विणून शिवायच्या पद्धतीला घाईत हात लावू नये. नुसती शिवण तीन तास खाते. गळ्यापासून खाली, एकसंध रॅगलन घ्यावा, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या सांध्यांच्या बाह्या. १२ नंबरच्या सुईवर ६८ टाके घालून सहा ओळी गळपट्टी. मग १० नंबरवर टाक्यांची वाटणी अशी: पुढचा भाग ११, बाही १०, पाठ २६, बाही १०, पुढचा भाग ११. चार सांध्यांवर रंगीत लोकरीच्या गाठी अडकवायच्या आणि दर सुलट ओळीला प्रत्येक गाठीच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढवायचा. एका ओळीत आठ टाके वाढतात. अशा १७ वाढी, म्हणजे ३४ ओळी. शेवटी २८, ४४, ६०, ४४, २८, एकूण २०४ टाके. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नये.

२०४ टाके सरळ सुयांवर दाटीवाटीने बसतात आणि टोकाचे घसरतात. मधे प्लॅस्टिकची दोरी असलेली ८० सें.मी.ची गोल सुई घ्यावी आणि तिच्यावरच पुढे-मागे ओळी विणाव्यात. गाडीत शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर जात नाही, हाही फायदा.

आता वेळेचा हिशेब. गळ्या-खांद्याचा भाग, म्हणजे योक, गळपट्टीसकट ५,००० टाके. खालचं अंग १२४ टाक्यांच्या ४० ओळी आणि १२ ओळींची बॉर्डर, मिळून ६,४५०. दोन्ही बाह्या ३,८००. बटणपट्ट्या ९७०. स्वेटर १६,२०० च्या आसपास. टोपडं ४,५५०, पायमोजे ३,३५०. सरावाचा हात एकटं बसून मिनिटाला पंचवीस टाके घालतो, गप्पांमध्ये पंधरा. सरासरी वीस धरली तर वीस तास, वर शिवणं, धागे लपवणं, बटणं यांचे तीन तास.

योक घरूनच पूर्ण करून निघावा. वाढीच्या ओळी मोजाव्या लागतात आणि पाहुण्यांच्या घरात मोजणं टिकत नाही. कुणीतरी "साखर किती घालू?" विचारतं आणि १३वी वाढ झाली की १४वी, हे सुईलाच विचारावं लागतं. एका सांध्यावरची वाढ राहिली तर लगेच कळतही नाही, पुढच्या मोजणीत एक टाका कमी येतो. दोन-तीन ओळींत लक्षात आलं तर उसवायची गरज नाही. त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचलायचा आणि क्रोशाच्या सुईने वरच्या प्रत्येक आडव्या धाग्यातून टाका ओढत आणायचा. किंचित घट्ट दिसतो, धुतल्यावर मिसळून जातो.

योक झाल्यावर उरलं १९,१०० टाक्यांचं काम आणि शिवण: एकोणीस तास. हातात होतं ते असं. नाशिकमध्ये रोज खरे तीन तास मिळतात: सकाळी चहाआधी पाऊण तास, दुपारी जेवणानंतर घर लवंडतं तेव्हा दीड तास, संध्याकाळी बसल्या-बसल्या पाऊण तास. पण अकरावा दिवस विणायचा नाही, तो धुवून वाळवायचा. म्हणून पाच दिवसांचे पंधरा तास आणि गाडीतले अडीच, साडेसतरा. दीड तास कमी.

अशा वेळी हाताचा वेग वाढवायचा प्रयत्न फसतो. ओढून विणलं की टाका लहान होतो आणि त्याच स्वेटरच्या खालच्या दहा ओळी वरच्यांपेक्षा दाट दिसतात. काम कमी करता येतं, वेग नाही. कुठे कमी करायचं ते नाशिकला पोचायच्या आधीच ठरवलं. स्वेटरची उंची ३ सें.मी. कमी केली तर ११ ओळी वाचतात, म्हणजे १,३६४ टाके, तासाहून जास्त. खालची आणि बाह्यांची बॉर्डर 'दोन सुलट, दोन उलट'ऐवजी सगळ्या ओळी सुलट केली. दर दोन टाक्यांनी धागा मागे-पुढे करावा लागतो म्हणून बॉर्डरच्या विणीत वेग पंधरावर येतो, आणि हिशेबात मी तो वीस धरला होता. सगळी सुलट बॉर्डर आत ओढली जात नाही, पण तान्ह्या बाळाच्या स्वेटरला कंबर कुठे असते!

गाडीतल्या कामाची निवड वेगळी करावी लागते. मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड साधारण साडेतीन तास. कल्याणपर्यंत गर्दीत सुया काढू नयेत. पुढे कसाऱ्याला घाट चढवायला मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडतात तेव्हा डब्याला धक्का बसतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाह्यांचे ४४ टाके सुईवरून दोऱ्यावर घेत असाल तर पाच-सहा टाके मोकळे होतात. घाटात डबा हलत राहतो. तिथे डोळे मिटून येणारंच काम हवं: टोपड्याची पुढची पट्टी, सगळ्या ओळी सुलट. इगतपुरी सोडल्यावर स्वेटर घ्यावा. गोळा पायाशी पडला की बाकांखालून थेट दारापर्यंत जातो. तो कापडी पिशवीत, पिशवीचा बंद मनगटात.

बाह्या दोऱ्यावर घेण्याची रीत: जाड सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा घालून ४४ टाक्यांतून एकदा ओवायचा, मगच विणायची सुई काढायची. सुती दोरा यासाठी की लोकरीचे तंतू टाक्यांना चिकटतात आणि ओढताना रंगीत कुसळ मागे राहते. पांढऱ्या स्वेटरवर लाल दोरा वापरू नये, याच कारणाने. दोन्ही काखांत चार-चार नवे टाके घालून अंगाचे १२४ होतात.

इथे बहुतेकजणी अंग पुरं करतात आणि बाह्या शेवटी ठेवतात. घाईत क्रम उलटा करावा. बाही आखूड झाली तर दिसतं, अंग आखूड झालं तर कुणी बोलत नाही. आधी दोन्ही बाह्या विणायच्या आणि उरलेल्या वेळात आणि लोकरीत अंग जिथे थांबेल तिथे थांबवायचं. वरून खाली विणल्याचा खरा उपयोग हाच.

बाही: दोऱ्यावरचे ४४ आणि काखेतून दोन्ही बाजूंना दोन-दोन उचललेले, ४८ टाके. दर सहाव्या ओळीला दोन्ही टोकांना दोनाचा एक करायचा. सहा वेळा केलं की ३६ ओळींत ३६ टाके उरतात. मग १२ नंबरवर १० ओळी आणि टाके बंद. बंद करताना सुई पुन्हा १० नंबरची घ्यावी, नाहीतर कड दोरीसारखी आवळते आणि बाळाची मूठ आत जात नाही. तान्हं बाळ मूठ उघडत नाही, हे लक्षात ठेवून बाहीचं तोंड ठरवावं. मोज्यांच्या चार दुटोकी सुयांवर गोल विणलं तर शिवण वाचते, पण सवय नसेल तर सुयांच्या सांध्यावर टाक्यांची सैल रेघ उमटते. सपाट विणून शिवलेली बरी. १३ सें.मी.ची शिवण वीस मिनिटांची.

एकाच स्वेटरच्या दोन बाह्या दोन हातांनी विणू नयेत. मामी तिथे आहे, तिचा हात सुंदर आहे, तिने विचारलंही, "दे गं एक बाही, तेवढीच मदत." पण तिचा हात घट्ट आहे. तिच्या १० नंबरच्या सुईवर ३१ टाके बसतात. उजवी बाही डावीपेक्षा दीड सें.मी. बारीक झाली असती. मदत द्यायची ती अख्ख्या वस्तूची. पायमोजे तिच्याकडे गेले आणि घट्ट हात पायमोज्यांना उलट चांगला, ते पायात टिकतात. हिशेबातले पावणेतीन तास इथे वाचले, दीड तासाची तूट संपून थोडं वरच उरलं. मग स्वेटरची ३ सें.मी. परत वाढवली का? नाही. तो वेळ राखून ठेवला. पाहुण्यांच्या घरात एक दुपार तरी जातेच, कुणीतरी भेटायला येतं किंवा मिसळ खायला बाहेर पडायचं ठरतं.

पायमोजे असे: १२ नंबरच्या सुईवर ३६ टाके घालायचे, पण घालताना सुई ८ नंबरची वापरायची म्हणजे वरची कड ताणते. 'एक सुलट, एक उलट' २० ओळी. मग १० नंबर. दोन्हीकडचे १२-१२ टाके तसेच ठेवून मधल्या १२ वर १८ ओळी, ही पावलाची वरची बाजू. तिच्या दोन्ही कडांवरून नऊ-नऊ टाके उचलले की ५४. त्यावर १० ओळी सगळ्या सुलट, मग टाच आणि बोटांच्या जागी दोनाचा एक करत चार ओळी, आणि तळव्यावर शिवण. शिवण सपाट घ्यावी, उंचवटा नको. दोन्ही मोजे एका बैठकीत सुरू करावेत. पहिला संपवून दुसरा आठवड्याने घेतला की ओळी मोजूनही दुसरा लहान होतो.

डिसेंबरात नाशिकला सकाळी पारा १० अंशांखालीही जातो, निफाडकडे तर आणखी. ॲल्युमिनियमच्या सुया रात्रभर खिडकीपाशी राहिल्या तर पहाटे हातात धरवत नाहीत, बोटं आखडतात आणि पहिल्या चार-पाच ओळी घट्ट येतात. दुपारच्या ओळींशी तुलना केली तर तिथे आडवी रेघ दिसते. सुया कापडात गुंडाळून उशाखाली ठेवाव्यात, आणि सकाळची पहिली दहा मिनिटं धागे लपवण्याला किंवा टोपड्याचे बंद विणण्याला द्यावीत, अंगाला नाही. हे साधं वाटतं, पण सकाळ-दुपारच्या ओळींमधला फरक धुतल्यावरही पूर्ण जात नाही.

गोळा तांब्यात ठेवावा. पितळी असला तर उत्तम, जड असतो, लवंडत नाही. धागा वरून सुटतो, गोळा आतल्या आत फिरतो आणि घरातल्या लहान मुलांना तो दिसत नाही. सुयांच्या टोकांना रबर लावून त्या कपाटावर ठेवायच्या. पोरं धागा ओढत नाहीत, ती सुईच ओढून काढतात. साठ टाके मोकळे झाले तर घाबरून खेचू नये. ॲक्रिलिकचे टाके लगेच उसवत नाहीत, जागच्या जागी उभे राहतात. बारीक, १२ नंबरची सुई मागून सगळ्यांतून ओवून घ्यायची, मग पुढची ओळ विणताना एकेक टाका सरळ करायचा. पीळ पडलेला टाका ओळखू येतो: त्याचा डावा पाय सुईच्या पुढे असतो.

मधेच उठावं लागलं तर ओळ पुरी करूनच उठावं. "अगं ठेव ते हातातलं, चहा गार होतोय," म्हटलं तरी "मामी, एवढी ओळ होऊ दे," म्हणावं. अर्ध्या ओळीत ठेवलेलं विणकाम परत हातात घेताना हमखास उलट दिशेने सुरू होतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. ठेवावंच लागलं तर खूण एकच: चालू धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून लोंबतोय ती सुई उजव्या हातात.

ओळींचा हिशेब फोनवर ठेवू नये, फोन कुणीतरी मागतं. कागदावर पाच-पाचच्या रेघा आणि दर दहाव्या ओळीच्या काठाला लोकरीचा तुकडा. कागद हरवला तरी तुकडे मोजता येतात.

लोकर कमी पडायची भीती वेगळी. तिन्ही वस्तू १०० ग्रॅममध्ये बसतात, तरी १५० ग्रॅम घेऊन ठेवावी आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्टीवरचा लॉट नंबर एक आहे ना, ते दुकानातच बघावं. पांढऱ्यातसुद्धा लॉट बदलला की फरक पडतो, दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसतो. नाशिकला मेन रोड, रविवार कारंजा या पट्ट्यात बटणं, लेस, लोकर मिळते, पण मुंबईतल्या गोळ्याचा लॉट तिथे मिळेल ही आशा धरू नये. नाशिकरोडहून तिथवर रिक्षाने जाऊन-येऊन, गर्दी धरून दोन तास जातात, म्हणजे २,४०० टाके. एका गोळ्यासाठी हा सौदा परवडत नाही. कमी पडणारच असेल तर बटणपट्ट्या आणि टोपड्याची कड दुसऱ्या रंगात घ्यावी. ठरवून केल्यासारखं दिसतं. नवा गोळा नेहमी ओळीच्या सुरुवातीला जोडावा, पुढच्या कडेला. ते धागे पुढे बटणपट्टीत दडतात. टोकं ओली करून, चोळून जोडायची युक्ती अस्सल लोकरीवर चालते, ॲक्रिलिकवर नाही.

रंग पिवळा घेतला होता. काळ्या रंगावर रात्री टाके दिसत नाहीत. संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळं लागतं, तेव्हा ते शिवलेलंच द्यावं.

टोपडं तीन वस्तूंतलं सगळ्यात समाधानाचं काम. ७८ टाके, आठ ओळी सगळ्या सुलट आणि मग साध्या विणीत एकूण ३६ ओळींपर्यंत, म्हणजे १० सें.मी. आता टाक्यांचे तीन भाग: २६, २६, २६. फक्त मधल्या २६ वर सगळ्या ओळी सुलट विणत जायचं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मधला शेवटचा टाका आणि बाजूचा पहिला टाका मिळून एक करायचा, मग फिरायचं. मोज्याची टाच वळवतात तसं. एकदा डावीकडचा एक टाका खाल्ला जातो, परतताना उजवीकडचा. ५२ ओळींत दोन्हीकडचे २६-२६ संपतात आणि मागची बाजू शिवणीशिवाय बसते. हे जमतं कारण सगळ्या सुलट विणीत दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीइतकीच असते. २६ टाके रुंद पट्टी ५२ ओळींत बरोबर चौकोनी होते. तीच पट्टी साध्या विणीत केली तर ती उंच होते आणि डोक्यामागे फुगा येतो. खाली मानेशी ८० टाके उचलून पहिल्याच ओळीत दोनाचा एक करत ते ६० वर आणायचे आणि सहा ओळी विणून बंद करायचे. बांधायचे बंद क्रोशाच्या साखळीचे, १५-१८ सें.मी., जास्त लांब नकोत. बाळ झोपताना टोपडं काढून ठेवायचं, हे देतानाच सांगावं.

दुपटंही करायचं का, हा प्रश्न मावशीने काढलाच. त्याचंही उत्तर टाक्यांत: जाड लोकर, १० सें.मी.ला २२ टाके, ७५ सें.मी.चा चौकोन म्हणजे १६५ टाके आणि सगळ्या सुलट विणीत ३३० ओळी, ५४,४५० टाके, पंचेचाळीस तास. विषय संपला. तयार मऊ सुती दुपट्याच्या चारही बाजूंना, म्हणजे ३ मीटर कडेला, क्रोशाची एकपदरी कड करता येते. ते दोन संध्याकाळींचं आणि गप्पांमध्ये होणारं काम आहे. मावशीने तेच घेतलं.

बटणपट्ट्या शेवटी. पुढच्या कडेच्या चार ओळींमागे तीन टाके उचलायचे. स्वेटर ठरल्या उंचीचा असेल तर ९२ ओळींतून ६९. आपला आखूड केलेला, म्हणून ८१ ओळींतून ६१. चारांत चार उचलले तर पट्टी लाटांसारखी हलते, चारांत दोन उचलले तर स्वेटर पुढून वर खेचला जातो. १२ नंबर, 'एक सुलट, एक उलट', सात ओळी, चौथ्या ओळीत काजं: धागा पुढे, दोनाचा एक. काजं तीनच, वरची: गळ्याकडून ३ टाके सोडून पहिलं, मग दर १३ टाक्यांनी. खालचा भाग मोकळा राहिला की लंगोट बदलताना स्वेटर काढावा लागत नाही. पाच बटणांचा स्वेटर देखणा असतो, पण आया तो घालत नाहीत. या काजात १०-११ मि.मी.चं बटण बसतं, १५ मि.मी.चं नाही, म्हणून बटणं काज विणून झाल्यावर घ्यावीत. ज्या घरांत बाळ येण्याआधीच विणायला घेतात तिथे मुलगा की मुलगी, आणि म्हणून काजं कोणत्या बाजूला, हे ठाऊक नसतं, कायद्याने कळूही शकत नाही. तिथे दोन्ही पट्ट्यांना काजं पाडून ठेवावीत. बारशाच्या आधी एका बाजूची शिवून टाकायची आणि त्याच जागी बटणं लावायची.

दहाव्या दिवशी रात्री स्वेटर धुतला. कोमट पाणी, अंगाचा साबण थोडा, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलवर उभं राहायचं, पाणी त्यात जातं. मग आडवा, हाताने माप लावून, पलंगावर कोरड्या टॉवेलवर. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने बाह्या लांबतात. टोपडं उलट्या तांब्यावर, म्हणजे डोक्याचा गोल येतो. थंडीतल्या नाशिकच्या कोरड्या हवेत सकाळपासून दुपारपर्यंत गच्चीवर सावलीत सगळं वाळतं. पावसाळ्यात दोन दिवस धरावे लागतील. ॲक्रिलिकवर इस्त्री अजिबात नको. वाफही नको. विणीचा उठाव मरतो, कापड लोळागोळा आणि चकचकीत होतं, आणि मग कितीही धुतलं तरी परत येत नाही. कुणीतरी मदतीला म्हणून इस्त्री तापवून आणतंच, तेवढं एक लक्ष ठेवावं.

अकराव्या दिवशी फक्त धागे आणि बटणं. साधारण चौदा टोकं निघतात. प्रत्येक टोक बोथट सुईने उलट बाजूच्या पाच-सहा टाक्यांतून तिरपं नेऊन, परत फिरवून आणायचं आणि अर्धा सें.मी. ठेवून कापायचं. गाठ मारून कापलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं. पायमोज्यांचं जास्त बघावं. ते उलटे करून आत बोट फिरवायचं. सैल धागा किंवा लांब टाका राहिला तर तो बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, आवळतो आणि बाहेरून दिसत नाही. मामीने विणलेल्या दुसऱ्या मोज्यात टाचेपाशी असा एक दोन सें.मी.चा धागा निघाला. तो आत ओवला, मोजा पुन्हा उलटा केला, आणि मग बटणं लावायला घेतली.